डोळा लागला की नाही, हे कोण सांगणार?

वाचकांचे प्रश्न : झोप, जाग, लक्ष आणि गुंगी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. पत्रं लांब होती. मी फक्त गाभा ठेवला आहे. नावं आणि ओळख पटेल असा मजकूर काढला आहे. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं: मी मानसशास्त्राची. नोकरीची २७ वर्षं झोपेच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी केली. पलीकडच्या खोलीत डोक्याला तारा चिकटवून झोपलेला माणूस, अलीकडे माझ्यासमोर त्याच्या मेंदूच्या लहरी. सकाळी तारा सोडवताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: ‘कशी लागली झोप?’ कागदावर एक उत्तर असायचं, माणसाच्या तोंडून बऱ्याचदा दुसरंच यायचं. मी जे काही शिकले ते त्या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत.

प्रश्न : ताई, माझी पत्नी ५८ वर्षांची आहे. रोज सकाळी म्हणते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मी शेजारीच असतो. ती चांगली झोपलेली असते, घोरतेसुद्धा. हे सांगितलं की चिडते, कधी रडते. मी तर खोटं बोलत नाही. मग ती खोटं बोलते का?

उत्तर : तुम्ही दोघंही खरं बोलताय. हे वाक्य आधी त्यांना वाचून दाखवा, बाकीचं नंतर.

मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. साधारण तुमच्या पत्नीच्या वयाच्या एक बाई तपासणीसाठी आल्या होत्या. सकाळी म्हणाल्या, ‘एक मिनिटही झोपले नाही.’ माझ्या हातातला कागद ६ तास १० मिनिटं झोप दाखवत होता. मी तो त्यांच्यापुढे पसरला आणि बोट ठेवून दाखवलं, ही बघा झोप, ही बघा गाढ झोप. मला वाटत होतं, मी चांगली बातमी देतेय. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे मला वेड लागलंय.’ त्या पुन्हा आल्या नाहीत. चूक माझी होती. पुढे जे वाचलं, जे पाहिलं, त्यातलं बरंचसं त्या बाईंच्या बाजूने बोलणारं निघालं, म्हणून ती चूक मला अजून टोचते.

झोप लागण्याचा क्षण कुणालाच आठवत नाही. नीट झोपणाऱ्या माणसालाही झोप लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत हलवून उठवलं, तर पुष्कळ जण ठामपणे सांगतात, ‘मी जागाच होतो.’ झोपेच्या अगदी आधीची काही मिनिटंही स्मृतीतून पुसली जातात. रात्रीतून प्रत्येकाला अनेकदा जाग येते, पण क्षणभर कूस बदलून पुन्हा झोपलेलं सकाळपर्यंत लक्षात उरत नाही. ज्याचं मन मात्र ‘आज तरी लागेल का’ म्हणून पहाऱ्यावर बसलेलं असतं, त्याला जाग आलेला प्रत्येक क्षण आठवतो आणि मधली झोप आठवत नाही, कारण झोप आठवायची सोयच नाही. सकाळी ते क्षण एकाला एक जोडले जातात आणि रात्र सलग जागी दिसते.

आता माझ्या कागदाबद्दल. रात्रीचा आलेख आम्ही ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो आणि प्रत्येक तुकड्यावर एकच शिक्का मारतो: जाग, किंवा झोपेचा अमुक टप्पा. निद्रानाशाच्या रुग्णांत झोपेच्या लहरींवर जागेपणीच्या वेगवान लहरी चढलेल्या पुष्कळदा सापडतात. नियमाप्रमाणे ती झोपच. त्या माणसाला आतून ती कशी वाटत असेल, ते नियमात कुठेच बसत नाही. म्हणजे तुमची पत्नी ज्याला जागरण म्हणते त्याचा काही भाग खरोखरच अर्धवट जागेपणा असू शकतो. तुम्ही बाहेरून बघताय, ती आतून.

तेव्हा ‘तू झोपली होतीस’ हे आजपासून बोलू नका. घड्याळ खोलीबाहेर ठेवा; दर तासाला वेळ बघणं हा निद्रानाशाचा खुराक आहे. आणि घोरण्याकडे लक्ष द्या. घोरता घोरता श्वास थांबतो, शांतता पसरते, मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज येऊन पुन्हा सुरू होतो, असं होतं का? होत असेल तर आधी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. त्या आजारात एका तासात कितीतरी वेळा झोप मोडते आणि त्यातलं काहीही आठवत नाही. उरतो तो फक्त सकाळचा थकवा.

तसं काही नसेल, तर गोळीच्या आधी वर्तनोपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार म्हणून सुचवला. त्याचा एक पाय रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला: अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परतायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळेलाच उठायचं. दुसरा पाय आर्थर स्पिलमन यांचा, १९८७ चा, आणि तो ऐकायला निर्दय वाटतो: अंथरुणातला वेळच कमी करायचा. ९ तास पडून राहून तुटक झोप घेण्याऐवजी ६ तासच पडायचं, झोप घट्ट झाली की वेळ हळूहळू वाढवायची. पहिल्या आठवड्यात माणूस पेंगतो, वैतागतो, आम्हाला बोल लावतो. मी ते बोल आनंदाने ऐकले आहेत. पण हा दुसरा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. फिट्सचा किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर जागरणाने तो उसळू शकतो. आणि पत्नी आधीपासून झोपेच्या गोळ्या घेत असेल तर त्या एकदम बंद करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायच्या असतात.

प्रश्न : मी २० वर्षांची विद्यार्थिनी. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, खोली दिसते, पण बोटही हलत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं. मग छातीवर दाब येतो. ओरडायला जाते तर आवाज फुटत नाही. परीक्षेच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा झालं. कुणाला सांगितलं नाही. मला वेड लागत असेल का?

उत्तर : नाही गं. तू वेडी नाहीस, तू थकलेली आहेस. याला डॉक्टर मंडळी स्लीप पॅरालिसिस म्हणतात. २०११ मध्ये ३५ पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा आयुष्यात एकदा तरी हे झालेले लोक शंभरात ७-८ निघाले. विद्यार्थ्यांत शंभरात २८. तुझ्या वर्गातले कितीतरी जण हेच गुपित उराशी घेऊन बसले असतील.

घडतं ते असं. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवलं, की झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलू लागतात आणि त्या वेळी उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. हीच रेम झोप. या झोपेत मेंदू जवळजवळ जागा असतो, शरीराला मात्र मेंदूच्या बुंध्यातून कुलूप घातलेलं असतं. फ्रान्समधल्या लियाँ इथे मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो छोटा भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून अदृश्य भक्ष्यावर झडप घालू लागली. कुलूप आपल्या भल्यासाठीच आहे. तुझ्या बाबतीत एवढंच होतं, की जाग आधी येते आणि कुलूप उघडायला थोडा उशीर लागतो.

बाकी सगळं त्यातूनच येतं. पहाटेच का? कारण रेम झोप रात्रीच्या शेवटच्या भागात दाटते. आपण जिला साखरझोप म्हणतो तिच्यात स्वप्नंच फार. छातीवर दाब का? श्वास चालवणारा पडदा काम करतच असतो, पण छातीचे इतर स्नायू सैल असतात, त्यामुळे मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलीस की घेता येत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘कुणीतरी बसलंय’ असा लावतो. दाराशी कोण? खोली खरी असते, भीती खरी असते, आणि स्वप्न रचणारं यंत्र अजून थांबलेलं नसतं. भीतीला ते एक आकार देऊन टाकतं.

मला स्वतःला हे एकदा झालं आहे, लागोपाठ सहा रात्रपाळ्यांनंतर. पावलं जवळ येताना ऐकू आली. काय चाललंय ते मला शब्दन् शब्द माहीत होतं, तरी मी भ्यायले. तेव्हा माहिती असूनही भीती वाटली तर स्वतःवर रागावू नकोस.

पुन्हा झालं तर ओरडायचा, उठायचा प्रयत्न सोडून दे. श्वास आपला आपण चालू दे आणि पायाचं एक बोट किंवा जीभ हलवण्यावर लक्ष ठेव. कुलूप सहसा थोड्याच वेळात निघतं. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं म्हणून कुशीवर झोप, आणि परीक्षा असली तरी झोपेची वेळ मोडू नकोस. दिवसा न आवरणारी झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघ्यातलं बळ गेल्यासारखं होत असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना दाखव. तो वेगळा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

प्रश्न : मी रोज दोन तास गाडी चालवतो. गेल्या महिन्यात हँड्सफ्रीवर ऑफिसचं बोलत होतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. एक सायकलवाला अगदी समोर होता. मी त्याच्या दिशेनेच बघत होतो आणि तो मला दिसला नाही. शेवटच्या क्षणी ब्रेक लागला, तो वाचला. घरचे म्हणतात, तुझं लक्ष फोनच्या पडद्यावर असणार. शपथेवर सांगतो, नव्हतं. माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?

उत्तर : डोळे तपासून घ्या, पण दोष तिथे सापडेल असं मला वाटत नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही त्याच्याकडे बघत होता, आणि तो तुम्हाला दिसला नाही. या दोन वाक्यांत विरोध वाटतो तो आपल्या डोळ्यांबद्दलच्या समजुतीमुळे. आपल्याला वाटतं, डोळे उघडले की समोरचं सगळं आत येतं. डोळ्यांत येतं, पण जाणिवेत येण्यासाठी लक्षाचा हात धरावा लागतो. ‘लक्ष देणं’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग मला फार अचूक वाटतो. दिलेली वस्तू एकीकडे गेली की दुसरीकडे द्यायला उरत नाही.

हे पहिल्यांदा कानांवर तपासलं गेलं. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्या कानातला बोलणारा मध्येच इंग्रजीवरून जर्मनवर गेला, तरी ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, तेवढं कळलं. सहा वर्षांनी नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. साधारण तिघांपैकी एकालाच ते ऐकू आलं. स्वतःचं नाव!

डोळ्यांचा प्रयोग तुम्ही कदाचित ऐकला असेल. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्टोफर शाब्री, १९९९. बास्केटबॉल खेळणाऱ्यांच्या चित्रफितीत पांढऱ्या कपड्यांतल्या संघाने चेंडू किती वेळा दिला ते मोजायचं. मध्येच गोरिलाच्या वेशातली एक व्यक्ती चालत येते, छाती बडवते, निघून जाते. जवळजवळ निम्म्या लोकांना ती दिसत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे दाखवायचे तेव्हा नंतर दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, की चित्रफीत बदललीत.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा प्रयोग मात्र २०१३ चा आहे. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणं हे ज्यांचं रोजचं काम, अशा २४ रेडिओलॉजिस्टना स्कॅन वाचायला दिले. त्यात एका ठिकाणी गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलं नाही. त्यांची नजर कुठे फिरते ते यंत्राने टिपलं होतं, आणि न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट त्या चित्रावरून गेली होती. हे डोळ्यांनीच पोट भरणारे लोक. ते कामचुकार नव्हते, ते गाठी शोधत होते.

आता फोन. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये वाहन चालवण्यासारखं काम प्रयोगशाळेत देऊन पाहिलं. फोनवर बोलताना सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, फोन हातात असो वा हँड्सफ्री. रेडिओ ऐकताना तसं झालं नाही. म्हणजे हात मोकळे ठेवून काही साधत नाही, कारण गुंतलेलं असतं ते मन: उत्तर जुळवणं, समोरच्याचा चेहरा कल्पनेत बघणं. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं तितकं घातक नसतं, कारण त्यालाही रस्ता दिसतो आणि गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्या साहेबांना सायकलवाला दिसत नाही.

पत्रात तुम्ही ओघात लिहिलंय, की झोप रोज ६ तासच होते पण ‘सवय झाली आहे’. या तीन शब्दांनी मला सायकलवाल्यापेक्षा जास्त धास्ती वाटली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं. त्यांचं लक्ष दिवसागणिक ढासळत गेलं, आणि शेवटी ते सबंध रात्र जागलेल्या माणसांच्या पातळीला पोचलं. पण ‘तुम्हाला किती झोप येतेय’ असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांनंतर ते फारसं काही वाढल्याचं सांगत नव्हते. त्यांनाही सवय झाली होती. आपण किती पेंगुळलेलो आहोत हे मोजायचं यंत्र त्याच मेंदूत आहे, जो पेंगुळलेला आहे. गाडीत फोन बंद ठेवा, तो नुसता हातातून सोडून भागणार नाही. आणि दोन आठवडे रोज तासभर जास्त झोपून बघा.

प्रश्न : मॅडम, वय ४७. रात्री दोन पेग घेतल्याशिवाय झोप लागत नाही, घेतले की पाच मिनिटांत लागते. पण ३ वाजता टक्क जाग येते. गेल्या वर्षी सोडून बघितली तर इतकी भयानक स्वप्नं पडली की तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केली. दारू मला झोपेसाठी मानवते, असंच ना?

उत्तर : तुम्ही जी पाच मिनिटांत लागते म्हणता ती गुंगी आहे. दारू मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते, म्हणून माणूस चटकन कलंडतो, आणि रात्रीचा पहिला भाग खरोखर गाढ जातो. त्या भागातली रेम झोप मात्र दबते. ३-४ तासांत दारू उतरते, तोवर मेंदूने तिच्याविरुद्ध लावलेला जोर तसाच उरलेला असतो. तुमचे ३ वाजतात ते त्याच वेळी. शिवाय घशाचे स्नायू सैल पडून घोरणं आणि श्वास अडणं वाढतं.

भयानक स्वप्नांमुळे तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढलात, आणि तो काढावा असंच सगळं होतं, म्हणून दोष देत नाही. विल्यम डिमेंट यांनी १९६० मध्ये दाखवलं, की स्वप्न सुरू होताच माणसाला उठवत राहिलं, तर पुढच्या मोकळ्या रात्री तो नेहमीपेक्षा जास्त वेळ स्वप्नं बघतो. थकलेलं देणं वसूल होतं. तुमचं देणं कित्येक वर्षांचं आहे. ती स्वप्नं दारू मानवत असल्याचा पुरावा नव्हती, झोप पूर्वपदाला येऊ लागल्याची खूण होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही परत फिरलात. थोडं पुढे गेला असतात तर ती ओसरू लागली असती.

पण आता एकट्याने एकदम सोडू नका. सकाळी हात थरथरत असतील, घाम सुटत असेल, किंवा दोन पेग म्हणजे प्रत्यक्षात चार असतील, तर अचानक सोडल्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. आणि मधल्या काळात दारूच्या जोडीला झोपेची गोळी कधीही घेऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि त्यातून सकाळ उजाडत नाही अशी माणसं असतात.

प्रश्न : संध्याकाळी ५ ला कडक कॉफी घेऊनही मला ११ ला झोप लागते. मग कॉफीने झोप उडते हे माझ्या बाबतीत खोटंच ना?

उत्तर : झोप लागते, पण कशी लागते? दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून पेंग येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. अ‍ॅडेनोसिन तिथेच असतं, पण त्याचा निरोप पोचत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला सरासरी ५ तास लागतात. गरोदरपणात कितीतरी जास्त. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात झोपेच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तर यंत्राच्या नोंदीत झोप तासाभराहून जास्त घटली. त्याच लोकांच्या डायरीत ती घट तितकी स्पष्ट दिसली नाही. दोन आठवडे दुपारनंतर घेऊ नका आणि सकाळी उठल्यावर कसं वाटतं ते लिहून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखलं तर ते कॅफिन सुटल्याचं आहे, आठवड्याभरात जातं.

प्रश्न : मी आठवीत आहे. काल स्वप्नात मी उडत होतो आणि मला कळलं की हे स्वप्न आहे! पण दादा म्हणतो झोपेत काही कळत नसतं. कोण बरोबर?

उत्तर : तू बरोबर आहेस, आणि तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मोठमोठे शास्त्रज्ञही बरीच वर्षं दादासारखंच म्हणायचे. मग १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल इथे कीथ हर्न यांनी एक युक्ती काढली. स्वप्नात शरीराला कुलूप असतं, पण बुबुळांना नसतं. म्हणून झोपणाऱ्याशी आधीच ठरवून ठेवलं: स्वप्न आहे हे कळलं की डोळे डावीकडे-उजवीकडे इतक्या वेळा हलव. तो झोपला, मेंदूच्या लहरी स्वप्नाच्या झोपेच्याच होत्या, आणि कागदावर ठरलेली खूण उमटली. झोपेच्या आतून बाहेर आलेला निरोप! काही वर्षांनी अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. मी अशी खूण कागदावर उमटताना कधी पाहिली नाही, आणि ती पाहायची माझी फार इच्छा होती. उशाशी वही ठेव, उठल्या उठल्या स्वप्न लिही. मुद्दाम रात्री गजर लावून उठू नकोस. तुझ्या वयात झोप जास्त महत्त्वाची.

प्रश्न : वय ७१, निवृत्त विज्ञानशिक्षक. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देणार आहेत. मरणाची भीती नाही, पण एक प्रश्न सोडत नाही. चाळीस वर्षांपूर्वी भूल घेतली होती. डॉक्टर आकडे मोजायला म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी मी दुसऱ्या खोलीत होतो. मध्ये तीन तास गेले होते. झोपेत असं होत नाही. उठल्यावर वेळ गेल्याचं जाणवतं. त्या तीन तासांत मी कुठे होतो? समजूत घालू नका, समजावून सांगा.

उत्तर : सर, समजूत घालत नाही. भुलेला आपण झोप म्हणतो ते रुग्णाला धीर देण्यापुरतं. झोपेत मेंदू ठरावीक टप्प्यांतून जातो, स्वप्नं रचतो, हाक मारली की परततो. भुलेत तसे टप्पे नाहीत आणि हाकेला परतणंही नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी लोकांसमोर रुग्णाला ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या सर्जननी त्याच्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून तुमचा प्रश्न उघडा आहे.

त्याच्या सर्वांत जवळ नेणारा प्रयोग मला मार्चेल्लो मास्सिमिनी यांचा वाटतो, २००५ चा. डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका देऊन मेंदूच्या एका ठिकाणाला हलकंसं डिवचायचं आणि तो तरंग कुठवर जातो ते बघायचं. जागेपणी तो एका भागातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातो. गाढ झोपेत तो जिथल्या तिथे विरतो. पुढे गुंगीच्या औषधाखालीही तसंच दिसलं. प्रत्येक भाग जिवंत असतो, पण एकमेकांना काही कळवत नाही. शाळेत सगळे वर्ग भरलेले आहेत, पण एका वर्गातला निरोप दुसऱ्यात जात नाही, अशी कल्पना करा. ‘मी’ म्हणून जे काही असतं ते त्या निरोपांच्या जाण्या-येण्यात असावं, असं मी मानते. हे माझं मत आहे, सिद्धान्त नाही. तेव्हा ‘कुठे होतो’ याचं माझं उत्तर: तुम्ही दुसरीकडे कुठेही नव्हता, तुम्हाला घडवणारं काम तेवढा वेळ थांबलं होतं.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक अडचणीची गोष्टही सांगते. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला दाबपट्टा बांधून तो हात त्या औषधापासून मोकळा राखायचा, म्हणजे रुग्णाला तो हलवता येईल, अशी पद्धत १९७७ मध्ये टनस्टॉल यांनी वापरली. भुलेखालच्या काही रुग्णांनी ‘माझा हात दाबा’ म्हटल्यावर हात दाबला. शुद्धीवर आल्यावर त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. म्हणजे ‘काही आठवत नाही’ आणि ‘काही जाणवलं नाही’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पहिल्या पत्रातल्या बाईंची रात्र आणि तुमचे तीन तास इथे शेजारी येऊन बसतात. काळजीचं मात्र कारण नाही: ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, ऑपरेशनच्या मध्ये जाग आल्याचं स्वतःहून सांगणारे रुग्ण साधारण १९,००० भुलींमागे एक निघाले.

भूलतज्ज्ञ आधी भेटतील तेव्हा मागच्या भुलीचा अनुभव सांगा. झोपेची गोळी, दारू, तंबाखू, रोजची औषधं, घोरणं, यातलं काही लपवू नका. औषधाची मात्रा त्यावर ठरते. त्यांना तुमचा प्रश्नही विचारा. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला तो क्वचितच कुणी विचारतो.

आणि परतल्यावर, अगदी पहिलं काय आलं, आवाज, उजेड, की कुणाचा हात, ते विसरण्याआधी लिहून मला पाठवा. सकाळी विचारायची माझी जुनी सवय आहे.